सरळ घरी

८ फेब्रुवारी

पोलिंगला, माझ्या बायकोला, मातीत ठेवून आलो. ऊन फार होतं.

परतताना भाड्याची जीपनी इसिंगच्या लोमीघरासमोर थांबली. स्मशानाच्या रस्त्यावर खायचं तेवढंच एक दुकान, त्यामुळे गावातली सगळीच दफनं तिथे थांबतात. सगळे उतरले. मी बसून राहिलो. माझी धाकटी बहीण लिगाया (तिचा मी कुया, थोरला भाऊ) खिडकीशी येऊन ओरडली, "कुया, उतर! दोन घास खा, मग जा. सरळ घरी गेलास तर ती मागोमाग येईल!"

"येऊ दे," म्हणालो.

तिनं घाईघाईनं छातीवर क्रूसाची खूण केली. मी रस्ता ओलांडला, तीनचाकी केली आणि सरळ घरी आलो.

९ फेब्रुवारी

काही नाही.

१० फेब्रुवारी

काही नाही. पंखा तिच्या बाजूला वळवून झोपतो.

१३ फेब्रुवारी

लिगायाचा फोन. "गेलेली माणसं चाळीस दिवस असतात आपल्यात. मग जातात. तोवर त्रास होणारच, कुया." ती गेली त्या दिवसापासून मोजलं तर चाळिसावा १४ मार्चला येतो.

आज शांतपणे विचार केला. जीपनीत आम्ही वीस जण होतो. एकोणीस उतरले, मी एकटा राहिलो. पोलिंगला गर्दी आवडायची. जिथे चार माणसं हसतायत तिथे ती आधी. ती माझ्यामागे कशाला येईल? ती त्यांच्याबरोबर उतरली असणार! म्हणजे ती घरी नाही. इसिंगकडे आहे.

पालिकेत बत्तीस वर्षं जमिनी मोजल्या. एवढं साधं लक्षात यायला पाच दिवस लागले.

१४ फेब्रुवारी

अकरा वाजता लोमीघरात गेलो. भिंतीकडेच्या टेबलावर बसलो. इसिंगची मुलगी रोविलिन कपडा खांद्यावर टाकून आली. "किती जण, इंजिनिअर?" (मी मोजणीदार होतो, इंजिनिअर कधीच नव्हतो. गाव ऐकत नाही.)

"एक."

"साधी की स्पेशल?"

"स्पेशल." पोलिंग स्पेशल घ्यायची. काळजाचे तुकडे जास्त असतात.

वाडगा आला. जाड शेवया, रस्सा इतका घट्ट की चमचा उभा राहावा. वर अंडं, डुकराची कुरकुरीत कातडी, बाजूला चिरलेला कांदा, मिरची आणि चिमुकली लिंबं. निम्मी खाल्ली. आजूबाजूला कोणाची तरी दफनाची मंडळी होती, काळ्या कपड्यांतली. दुसऱ्या वाडग्यानंतर ती मंडळी हसायला लागली.

निघताना दाराशी हळूच म्हणालो, "पोलिंग, चल, घरी जाऊ." परक्या ठिकाणाहून निघताना लहान मुलाला आई अशी नाव घेऊन बोलावते, त्याचा जीव मागे रेंगाळू नये म्हणून. आमची आई आम्हाला बोलवायची.

घरी आलो. काही नाही.

१९ फेब्रुवारी

रोज जातो. आज रोविलिननं ऐकलं. "कोणाला बोलावताय, इंजिनिअर? तुमच्याबरोबर तर कोणी नव्हतं!" इसिंगनं गल्ल्यावरून तिच्याकडे असं पाहिलं की पोरगी भांडी उचलायला पळाली.

मी मान खाली घालून निघालो. बाहेरून वळून पाहिलं. मी गेल्यावरही इसिंगनं जाळीचं दार थोडा वेळ उघडं धरलं होतं. मागून कोणी येत असेल तर त्याला वाट मिळावी, तसं.

२० फेब्रुवारी

आजही धरलं.

२६ फेब्रुवारी

पाऊण वाडगा खाल्ला. गिऱ्हाईक कमी होतं. इसिंगचा नवरा तेम्योंग कढई सोडून माझ्यासमोर येऊन बसला. घामानं निथळत होता. थोराड माणूस, तोंडाचा फटकळ.

"या दुकानात सगळ्या गावाची मेलेली माणसं राहतात," म्हणाला. "वरच्या मजल्यावर आम्ही, खाली ती. तीस वर्षं झाली. भाडं देत नाहीत, पण लोमीला नावंही ठेवत नाहीत. जिवंतांपेक्षा बरी!"

मी विचारलं, "पोलिंग आहे?"

त्यानं कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाला, "तुमची बायको? ती इथे असती तर मीठ कमी आहे म्हणून पहिल्याच दिवशी बोंबलली असती."

खरं आहे. तिथून घरापर्यंत चालत आलो. तेच एक वाक्य डोक्यात.

२७ फेब्रुवारी

गेलो नाही.

२८ फेब्रुवारी

गेलो. दुसरीकडे कुठे शोधणार?

८ मार्च

तेम्योंग गेला. सकाळी कढईसमोरच कोसळला. मी भिंतीकडे बसलो होतो. आधी कलथा पडल्याचा आवाज आला. इसिंग म्हणाली, "नाटकं पुरे, उठा!" तो उठला नाही. रोविलिननं गॅस बंद केला.

११ मार्च

लोमीघरात तेम्योंगच्या जागरणाला गेलो. टेबलं भिंतीला लावून मधे शवपेटी ठेवली आहे. दफन १४ तारखेला. पोलिंगचा चाळिसावा दिवस. त्या दिवशी दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत तिथेच बसायचं, शेवटचं बोलवायचं, असं मी ठरवलं होतं. हे कोणाला सांगायचं?

रोविलिन आईला म्हणाली, "परत येताना आपण कुठे थांबायचं?" सगळं गाव त्यांच्याकडे थांबतं. त्यांना मात्र तेच घर. तिचा काका म्हणाला, "पंपाजवळच्या नव्या दुकानात जाऊ."

"त्या पाणचट रश्शात?" इसिंग म्हणाली. "तेम्योंग क्षणभर राहायचा नाही तिथे. आचाऱ्याला ढकलून स्वतः कढई घेईल!" सगळे हसले. तीही हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं.

मी म्हणालो, "माझ्याकडे या."

रोविलिननं डोळे विस्फारले. "घरी? मेलेलं माणूस कोणाच्या घरात सोडायचं का, इंजिनिअर?"

"जागा आहे," म्हणालो.

१३ मार्च

लिगाया फोनवर ओरडली. "त्यांचं माणूस तुझ्या घरात राहील! तुला समजतंय का?" समजतंय.

शेवया आणल्या, कोबी, गाजर. पोलिंगची मोठी कढई माळ्यावरून काढली.

१४ मार्च, दुपार

आले सगळे. माझ्या शेवयांची पानसित चिकटून गोळा झाली आहे. रोविलिन चमच्यानं तोडत म्हणाली, "बाबांनी हे पाहिलं असतं तर कढईसकट तुम्हाला बाहेर काढलं असतं." तरी खातायत. लहान मुलं दोनदा वाढून घेऊन गेली.

इसिंग आली नाही. म्हणजे आली, पण फाटकाबाहेर तीनचाकीत बसून आहे. ताटली घेऊन गेलो.

"नको," म्हणाली. "मी उतरत नाही. त्यांचं होऊ द्या. मी सरळ घरी जाते."

मी तिथेच उभा राहिलो. ती समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी उतरला नव्हतात. मी दारातून पाहिलं होतं. खरं सांगा, इंजिनिअर. घरी आली का ती?"

पाणी आणतो म्हणालो आणि आत आलो. स्वयंपाकघरात उभा राहून हे लिहितो आहे. पेला भरून ठेवलाय. हो म्हणालो तर ती आज रात्रीपासून त्या वरच्या खोलीत कान देऊन बसेल. नाही म्हणालो तर तिचा तेम्योंग गेला, आणि माझी पोलिंगही गेली. आजच चाळिसावा.

तीनचाकीवाला हॉर्न वाजवतोय.

१४ मार्च, संध्याकाळ

"नाही," म्हणालो. "घरी नाही, तुमच्या दुकानातही नाही. कुठेच नाही."

इसिंग पाणी प्यायली. मग माझा हात धरून उतरली.