बर्फाच्या ट्रेमधल्या गोळ्या

ती. आईस,
लांबूनच पाया पडते.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. फक्त गोळ्यांची आठवण करून देणारं आमचं ॲप उद्या साहेबांपुढे जायचंय, त्याची काळजी आहे.

"वापराल का?" असं मी चाळीस म्हाताऱ्यांना विचारलं होतं. सगळे हो म्हणाले. काल त्यांतल्या एका निवृत्त मास्तरांच्या घरी गेले, तर फोन कपाटात आणि गोळ्या बर्फाच्या ट्रेमध्ये, वारानुसार लावलेल्या.

"तुझं मन कशाला मोडायचं पोरी, म्हणून हो म्हटलं."

सहा महिने मी प्रश्नच चुकीचा विचारला, हे उद्या साहेबांना सांगायचंय.

तूही दर पत्रात 'गुडघा बरा आहे' लिहितेस. आता तसं विचारत नाही. काल जिना किती वेळा उतरलीस, तेवढं कळव.

तुझी,
धाकटी