झाकणाच्या आतली खूण

१७ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. आधी 'तीर्थरूप' लिहिलं आणि खोडलं. सहा वर्षांनी पहिलं पत्र, त्यात इतकं सोवळं नको. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तरी जिना उतरून दुकानात येते आणि भिंतीवर अकरा घड्याळं टांगलेली असताना मलाच वेळ विचारते. वहिनीचा खोकला गेला का? पत्ता तिच्याच जुन्या पाकिटावरून घेतला.

माझ्यावर खटला चालू आहे. तुझ्या कानावर आलं असेल तर अर्धवटच आलं असणार, म्हणून नीट लिहिते.

इथल्या एका दंतवैद्याच्या घरून मार्चमध्ये सोन्याचं खिशातलं घड्याळ चोरीला गेलं. सप्टेंबरमध्ये ते जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे सापडलं. पोलिसांनी मागचं झाकण उघडलं तर आत सुईने कोरलेली आपली खूण: बारीक त्रिकोण, खाली महिना आणि साल. महिना मे. म्हणजे चोरीनंतर कुणीतरी ते दुरुस्त केलं होतं. दुरुस्त केलेलं घड्याळ परत आलं तर ओळखता यावं म्हणून अण्णा प्रत्येक झाकणात तसं कोरायचे, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक. व्यापाऱ्याने खूण पाहिली आणि सरळ आपल्या दुकानाचं नाव सांगितलं. त्याला ते कुणी विकलं, हे अजून कळलेलं नाही.

दोन पोलीस आले. मी खुर्च्या दिल्या, चहा दिला. मोठ्या साहेबांनी झाकण पुढे केलं. मी भिंग लावून पाहिलं.

"खूण तुमची?"

"हो. माझी."

पुढे काय विचारलं ते धड आठवत नाही. लिहून आणलेल्या कागदावर सही केली. दीड दिवस कोठडीत होते. शेजारचा चष्मेवाला जामीन राहिला. कागद न वाचता त्याने सही ठोकली. आई म्हणाली, "चष्मेवाल्याने तरी वाचून करावी."

वकील ठेवायची ऐपत नव्हती. तसं अर्जात लिहिलं की कोर्टाकडून वकील मिळतो, हे मला कोठडीतल्या झाडूवालीने सांगितलं. फुकटचा वकील म्हणजे नावापुरता, असं मला वाटायचं. तसं नाही. या बाई पन्नाशीच्या आहेत, कागद भाजीच्या पिशवीत ठेवतात आणि समोरचा गप्प होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "पोलिसांना चहा दिलात?"

"हो."

"आणि जबाबही दिलात. चहा पुरेसा होता."

आरोप त्यांनी सोपा करून सांगितला, तो तुलाही सांगते. उचललं तर चोरी. घरात शिरून उचललं तर घरफोडी. माझ्यावर दोन्ही नाहीत. माझ्यावर आहे तो चोरीचा माल चोरीचा आहे हे ठाऊक असून ठेवल्याचा, त्याची विल्हेवाट लावायला मदत केल्याचा. "ठाऊक असून, यावर सगळं आहे," बाई म्हणाल्या. "घड्याळ हाताखालून गेलं हे ते दाखवतील. पण तेव्हा डोक्यात काय होतं, हेही त्यांनाच दाखवावं लागतं. आपल्याला नाही." रोज वीस घड्याळं उघडणाऱ्याने प्रत्येकाची जन्मपत्रिका कशी मागायची? कारागिराला यात वाट असते, दादा. फक्त त्याने खरं सांगितलेलं असलं पाहिजे.

माझं घोडं तिथेच अडलं. आपल्या दुकानात आलेलं प्रत्येक घड्याळ वहीत लिहिलं जातं. हे लिहिलेलं नव्हतं. पोलिसांचं म्हणणं, नोंद नाही म्हणजे लपवून केलेलं काम. बाईंनी तीनदा विचारलं, नोंद का नाही. मी तीनदा म्हटलं, विसरले. तिसऱ्यांदा त्यांनी वही उलटी-सुलटी चाळली. "नऊ वर्षांत एक ओळ राहिलेली नाही. आणि नेमकी हीच विसरलात?"

गेल्या गुरुवारी त्या दुकानात आल्या. पिशवीतून पत्र्याचा तुकडा काढला. "कोरून दाखवा. हात कसा चालतो ते मला कोर्टाला समजावता आलं पाहिजे." मी कोरलं. त्यांनी झाकणाचा फोटो शेजारी ठेवला. माझे आकडे उजवीकडे झुकतात. फोटोतले डावीकडे.

"ही कुणाची?"

"सोमवारी सांगते," मी म्हटलं.

त्या उठल्या. "खोटं बोलायचं असेल तर निदान वकिलाशी नको. मी तुमच्या बाजूची एकटीच आहे."

वर गेले. आई मटार सोलत होती. तिच्यासमोर फोटो आणि अण्णांचं भिंग ठेवलं. तिने दाणे बाजूला सारले, पाहिलं, भिंग पुसून परत दिलं.

"हा त्याचा हात."

मी फोटो उलटा ठेवला.

"लपवायचं होतं तर मला दाखवायचं नव्हतंस," ती म्हणाली आणि पुन्हा सोलायला लागली. तुझा डावा हात सोडवायला अण्णांनी काय काय केलं, ते तिने पाहिलेलं आहे. पट्टी मोडली, हात बदलला नाही.

भिंगातून पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मला कळलं होतं. साहेबांचा प्रश्न पुरा व्हायच्या आधी. मग 'माझी' का म्हटलं, याचं उत्तर मी दोन महिने शोधते आहे. तुला वाचवायला, असं म्हणायला बरं वाटतं. खरं एवढंच नाही. दुकान अण्णांनी मला दिलं. तू मोठा, तुझा हात माझ्यापेक्षा हलका, तरी मला दिलं आणि मी घेतलं. 'राहू दे, दोघांचं असू दे' एवढं म्हणायला मला कुणी अडवलं नव्हतं. तू जाताना अण्णा म्हणाले, दुकान सोडतोस तर खूणही सोड. तू मान हलवलीस. परगावी राहून सहा वर्षं तू तीच खूण कोरत होतास, हे मला पोलिसांनी दाखवलं. तेव्हा राग आला नाही. अजूनही येत नाही.

पण दुसऱ्याच्या हाताचं काम माझं म्हणून कोर्टात शपथेवर सांगायला माझी जीभ उचलणार नाही. आज सोमवार. सकाळी मी वकीलबाईंना सगळं सांगितलं.

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पोलिसांना खोटं सांगितल्याचं प्रकरण माझ्यावर वेगळं येऊ शकतं, म्हणाल्या. येऊ दे. पुढची तारीख नऊ डिसेंबर. त्या दिवशी त्या हस्ताक्षरतज्ज्ञ मागणार, आणि मग पोलीस तुझ्याकडे येतील. मी विचारलं, भावाला कळवू का? बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पळा, लपवा असलं लिहिणार नसाल तर मी काय सांगू. पण त्यांचं वकीलपत्र मी घेणार नाही. तुमचा बचाव त्यांच्यावर बोट दाखवतो. त्यांना स्वतःचा वकील हवा." आईने गुरुवारीच सांगितलं होतं: त्याला पोलिसांकडून कळू देऊ नकोस.

म्हणून वरचं सगळं इतकं उलगडून लिहिलं.

तुझ्या गावच्या कोर्टात पहिल्या मजल्यावर किंवा कुठेतरी कोपऱ्यात मोफत वकिलांचं टेबल असेल. पोलीस यायच्या आधी तिथे जा. लाज वाटेल, मलाही वाटली. रांगेत सगळे आपल्यासारखेच असतात. त्यांनी वकील दिला की त्याला पहिल्याच भेटीत खरं सांग, माझ्यासारखं तिसऱ्या भेटीपर्यंत थांबू नकोस. त्याच्याशिवाय जबाब देऊ नकोस. गप्प राहणं गुन्हा नाही, मला ते माहीत नव्हतं. सुया, भिंग, वही, काही फेकू नकोस. पुरावा नाहीसा केला तर तो आणखी एक गुन्हा, आणि मग पहिला नसला तरी असल्यासारखा दिसतो. मे महिन्याचं पान बघ. घड्याळ कुणी आणलं ते तू लिहिलं असशील, ही सवय अण्णांनी आपल्या दोघांनाही मारूनच लावली आहे. ती ओळ असेल तर तुला दुसरं काही लागणार नाही.

नसेल, तर का नाही, हे मला सांगू नकोस. कागदावर तर मुळीच नको. तुझ्या वकिलाला सांग.

आणि पोलीस आले तर त्यांना चहा दे. फक्त चहा.

तुझं टेबल मी काढलेलं नाही. त्यावरचा दिवा अजून उजवीकडेच आहे, डाव्या हाताची सावली कामावर पडू नये म्हणून अण्णांनी शेवटी वैतागून लावला होता तसाच. आई रोज पुसते.

तुझी खूण मी तुला परत करते आहे. ती माझी म्हणणं चूक होतं.

धाकटी