मॉन्स्टेराची जबाबदारी

४ ऑगस्ट
मुलगी हॉस्टेलला गेली. जाताना तिचा मॉन्स्टेरा, ते कातरलेल्या मोठ्या पानांचं झाड, माझ्या हवाली केला. आईच्या नव्हे, माझ्या. आठवड्यातून एकदा पाणी, बाबा, आणि नसते लाड करू नकोस, असं तीनदा बजावलं. औषधांच्या कारखान्यात अठरा वर्षं गुणवत्ता तपासतोय. एक कुंडी जमेल.

५ ऑगस्ट
कुंडीजवळ तक्ता लावला. आमच्या खात्याचाच नियम : एकाने करायचं, दुसऱ्याने तपासायचं, दोघांनी सही करायची. पाणी बायको देईल, तपासणी माझी. ती म्हणाली, वा! मान तुमचा आणि हात माझे?

११ ऑगस्ट
तिची सही आहे. पण नुसतीच सही, की पाणीही? विचारावं तर भांडण. खात्रीसाठी मी एक मग घातला. हा अविश्वास आहे का? नाही. खबरदारी.

१७ ऑगस्ट, सकाळी
एक पान पिवळं. तहानलं असणार. पाणी दिवसाआड केलं. मुलीचा फोन आला. पूर्वी थेट आईला करायची, आता झाडाच्या निमित्ताने मला करते. पाच मिनिटं बोललो. झाड जगलंच पाहिजे.

२६ ऑगस्ट
तीन पानं पिवळी. उद्यापासून रोज पाणी : सकाळी बायकोचा मग, संध्याकाळी माझा. कामावरून आल्यावर बूट काढायचंही त्राण नसतं, तरी आधी मग भरतो. नर्सरीवाल्याला फोटो दाखवला. म्हणाला, साहेब, झाड लावलंय की बुडवलंय? उर्मट माणूस. नर्सरी बदलणार.

३० ऑगस्ट
मुलीने फोटो मागितला. महिन्यापूर्वीचा पाठवला. खाली काही लिहिलं नाही, म्हणजे खोटं बोललो नाही. तिने हसरा चेहरा पाठवला. जेवण गेलं नाही.

७ सप्टेंबर
खोड मऊ लागतंय. बायको म्हणाली, तुमचा काय भरवसा, विसराल, म्हणून मी रोज एक मग जास्तच घालत होते. म्हणजे तिचे दोन, माझा एक. पाणी बंद. आठ दिवसांत सावरेल.

१३ सप्टेंबर
मुलगी न कळवता आली. मातीत बोट घातलं, वास घेतला. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मी तक्ता पुढे केला : सगळ्या सह्या जागच्या जागी, एकही दिवस सुटलेला नाही. जाऊ दे रे बाबा, म्हणाली. मग मोबाइलवर फोटो दाखवला. हॉस्टेलची खिडकी, काचेची बाटली, तीत मॉन्स्टेराची फांदी. बोटभर मुळं, नवं कोवळं पान. कधी नेलीस, असं विचारलं. म्हणाली, तुझ्याकडे सोपवायच्या आदल्या दिवशीच कापून ठेवली होती.
ही खबरदारी माझ्याकडूनच शिकली असणार.

१४ सप्टेंबर
मुलगी परत गेली. पोचल्याचा फोन आईला आला.