कितवी खेप?

१३ जानेवारी, सोमवार
डॉ. तेजल दुकानात आल्या. स्त्रीरोग विभागात रेसिडेंट, शेवटचं वर्ष. थीसिसचा विषय गरोदर बायकांमधला अ‍ॅनिमिया, दोनशे बायका. तीस जूनपर्यंत थीसिस विद्यापीठात गेला नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. प्रश्नांचा फॉर्म मराठीत टाइप करून हवा होता. मी सांगितलं, टायपिंग कोणीही करतो, मी संशोधन सल्लागार आहे. त्यांनी दारावरच्या बोर्डाकडे पाहिलं. त्यावर 'टायपिंग, झेरॉक्स, बाइंडिंग' आहे, पण ते गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी. स्टॅटिस्टिक्स मी स्वतः शिकलो. सतरा व्हिडिओ, दीडपट वेगाने. अठरावा तमिळमध्ये निघाला.
संकल्प: पेपर छापून येईल तेव्हा दुसरा लेखक म्हणून माझं नाव.

१५ जानेवारी, रात्री जेवणानंतर
डॉक्टरांच्या कच्च्या फॉर्मवर प्रश्न होता, 'तुम्ही आतापर्यंत किती वेळा गरोदर राहिलात?' सहा शब्द. पाल्हाळ. मी तीन शब्दांत बसवला: 'ही कितवी खेप?' खेप म्हणजे बाळंतपणाची पाळी, अर्थ शब्दकोशात आहे, पाहून घेतला. आमची ही नामपूरची. म्हणाली, खेप तर कांद्याच्या ट्रॅक्टरची असते. तिला सांगितलं, ते मार्केटमध्ये, हे सायन्स आहे.
संध्याकाळी डॉक्टर ड्यूटीवर जाता जाता उभ्यानेच फॉर्म पाहून गेल्या होत्या. काका, हे चालेल ना, म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही बाळंतपणं बघा, मराठी माझ्यावर सोडा.

१० एप्रिल, गुरुवार
दोनशे फॉर्म आले. इंटर्न मुलांनी ओपीडीच्या रांगेत बायकांना विचारून भरलेले. वॉर्डातल्या मावशी, कुसाबाई, गठ्ठा ठेवून गेल्या. अक्षर भयानक. एंट्री मीच करणार, दुसऱ्यावर विश्वास नाही.

१६ एप्रिल
धक्कादायक निष्कर्ष. सरासरी खेप ५.८. सरकारी आकड्यांच्या दुपटीहून जास्त. सरकारी आकडे चुकीचे असणार.
फॉर्म नंबर ३८: वय बावीस, खेप चौदावी. लवकर लग्न धरलं तरी हिशेब बसत नाही. जुळी धरली तर बसतो. जुळी धरली.
एकसष्ट जणींच्या शेऱ्यात 'एक खेप वाया गेली' असं आहे. वाईट वाटलं. सगळ्या गर्भपाताच्या रकान्यात टाकल्या. बाकी शेऱ्यांत काहीही लिहिलंय. 'दोन एसटीने, एक पिकअपने.' विषयाला सोडून. शेऱ्याचा रकानाच डिलीट केला. शीट आता स्वच्छ दिसते.

२१ एप्रिल
टेबलं डॉक्टरांना मेल केली. तीन दिवस लेबर रूममध्ये आहेत, न उघडताच थीसिसच्या गाइडना फॉरवर्ड केली म्हणे. विश्वास असावा तर असा.

२३ एप्रिल, दुपारी ४
गाइडनी डॉक्टरांना सगळ्या विभागासमोर विचारलं, हा डेटा कोणत्या शतकातला. डॉक्टर थेट दुकानात आल्या, पण रागावल्या नाहीत. स्टुलावर बसल्या, चहा अर्धाच घेतला. मग एवढंच, काका, चौदा? मी जुळ्यांचं समजावलं. सात वेळा जुळी? मी म्हटलं, आउटलायर असतोच, सगळ्यांपेक्षा वेगळा एखादा.
सोबत कुसाबाई होत्या. त्यांना हसू आवरेना. म्हणाल्या, अहो दादा, बाई दवाखान्याच्या रांगेत उभी. तिला कितवी खेप विचारलं तर ती दवाखान्याचीच सांगणार ना. चौदा चकरा मारल्यात तिनं, तुम्ही तिला पोरं देऊन बसले. मी वाया गेलेल्या खेपांचं विचारलं. त्या म्हणाल्या, सोनोग्राफीचं मशीन बंद व्हतं, बाई माघारी गेली, खेप वाया गेली. लय जणी जातात.
नोंद: शब्द शुद्धच आहे. उत्तरं देणाऱ्यांचा शब्दसंग्रह तोकडा.
डॉक्टरांनी दिवस मोजले. अडुसष्ट उरलेत. जाताना म्हणाल्या, माझं वर्ष जाईल हो काका. त्यांचा अर्धा चहा तसाच राहिला होता.

२ मे, शुक्रवार
दोनशे जणींना परत फोन चालू आहेत. ड्यूटी संपली की डॉक्टर आणि कुसाबाई माझ्याच दुकानात बसतात. कुसाबाई विचारतात, पोट कितव्यांदा राहिलं गं तुझं? पलीकडची एका दमात सांगते, वर कुसाबाईंनाच विचारते, मावशी, तुमचं गुडघं कसं हाय.
मी 'गर्भधारणा-क्रमांक' हा सुधारित शब्द सुचवला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. विचार चालू असावा.

१४ जून, शनिवार
एकशे त्र्याऐंशी जणी मिळाल्या, बाकी वगळल्या, गाइड तयार झाले. नवी सरासरी २.१. मला अपेक्षा होतीच.
शिवाय गाइड म्हणाले, त्या खेपांचा वेगळा पेपर होईल. गरोदर बाईला किती चकरा पडतात आणि किती वाया जातात, हे कुणी विचारतच नाही. शेऱ्यांचा रकाना पाठवा. म्हणजे एका अर्थी प्रश्न माझाच.
रकाना मीच डिलीट केला होता. कागदी फॉर्म बाइंडिंग मशीनखाली सापडले. आता शेरे परत टाइप करतोय, अक्षर न् अक्षर. फॉर्म ३८: 'दोनदा रिपोर्ट आला नव्हता. एकदा गोळ्या संपल्या. एकदा बस चुकली, ओझरपर्यंत चालत.' वाक्य सुधारायला घेतलं होतं. मग तसंच ठेवलं.

२७ जून, शुक्रवार
चार प्रती बाइंड झाल्या. उद्या थीसिस जमा. डॉक्टर परीक्षेला बसणार.
आभाराचं पान त्यांनी फोनवर सांगितलं. म्हणाल्या, काका, तुमचं नाव थीसिसच्या आभारात आणि पेपरवरही घालते, फक्त गाइड सर विचारतील, खेप हा शब्द कुणाचा. मी म्हटलं, खरा संशोधक प्रसिद्धीपासून लांब राहतो.
त्या बरं म्हणाल्या. लगेच म्हणाल्या.
आभारात कुसाबाईंचं नाव आहे. 'कुसाबाई'तला कु ऱ्हस्व पडलाय ना, पाहून घेतलं. ऱ्हस्वच आहे. चारही प्रतींत पाहिलं.