ईशाची बाजू

शुक्रवार, जुबैल, सौदी अरेबिया

ईशा पॅरिसहून आलीये. कायद्याचं मास्टर्स झालं, आता डॉक्टरेटही तिथेच म्हणते. आज चहा पिताना मी सांगून टाकलं, पुरे झालं, पुण्याला परत जा. वाटलं, चिडेल. पण ती शांतपणे म्हणाली, "बाबा, आमच्याकडे पॅरिसला प्रत्येक उत्तर दोन भागांत मांडायला लावतात. पहिला भाग मी मांडते. तुमच्या बाजूने."

आणि काय मांडला पोरीने! आईचे गुडघे, माझं बीपी, इथला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपल्यावर पुण्यातलं रिकामं घर. मला तरी एवढं जमलं असतं का?

"दुसरा भाग तुमचा. आता माझी बाजू मांडा."

अडखळत सुरुवात केली, मग थांबताच येईना. चहा पार गार झाला. हा दुसरा भाग माझ्याकडे कधीपासून तयार होता, देव जाणे.

तिचं पुण्याचं तिकीट काढणार होतो. उद्या पॅरिसचं बघतो.