वनिता पुढे पळते

९ नोव्हें., रवि.
सरावात वनिता पहिली, मी दुसरी. पुन्हा. सिद्धगडाखालच्या वाडीतली सतरा वर्षांची पोर. दिवाळीआधी भोईर सरांनी आणली. मी सरांकडे सात वर्षं पळतेय. पहाटे उठणं, मोडाची मटकी, सणालासुद्धा गोड नाय. ती चपला हातात घेऊन येते, पळते, जाते. चढावर मी धापा टाकतेय आणि ही मागे वळून विचारते, "ताई, येतेस ना?"
घरी येऊन रडले. आईला म्हटलं, कांदा चिरतेय.

१३ नोव्हें., गुरु.
पळून झाल्यावर व. बांधावर बसली, ती आडवीच झाली. ओठ काळेनिळे. तोंडावर पाणी मारलं तर डोळे उघडून हसली. "कदीकदी व्हतं गो ताई. काळोख येतो, जातो."
सर म्हणाले, पोटात काय नसेल. गूळ-शेंगदाणे दिले. उद्यापासून तिचाही डबा न्यायचा.

१८ नोव्हें., मंगळ.
डबा खाऊनही आज परत. या वेळी पळतानाच.
शुद्धीवर आल्यावर भावाचं बोलली. "दादा असाच. भात झोडता झोडता पडला, तो उठलाच नाय." विशीतला पोरगा. वाडीत म्हणतात, बाहेरचं झालं. मटकी खात सहज सांगत होती. माझा घास तसाच हातात.

२२ नोव्हें., शनि.
तिला मुरबाडला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई आधी गप्पा मारत होत्या. मग छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकलं. "आवाज बरोबर नाही. ठाण्याला नेऊन हृदयाची तपासणी करा. तोवर पळायचं नाही. अजिबात." भावाचं सांगितल्यावर पुन्हा नळी लावली.
येताना एस.टी.त व. खिडकीबाहेर बघत राहिली. धसईला, आमच्या थांब्यावर, उतरताना एवढंच, "सरांना नको सांगू."

२३ नोव्हें., रवि.
सांगितलं. सर भडकले. "पुढच्या रविवारी शहापूरची स्पर्धा. पहिली आली तर वसतिगृह, खाणं, शिक्षण. पोरीचा जन्म सुधारेल. तपासणी नंतर करू." मग एकदम हळू, "ती नसली तर पहिली कोण गं?"
मला खरंच तिची काळजी आहे. आहे ना? की

२६ नोव्हें., बुध.
व.च्या वाडीवर गेले. तिची आई बोचकी बांधत होती, वीटभट्टीवर जायची तयारी. समोर बसून सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नायत.
"नाय पळली तं येल आमच्यासंगती भट्टीवर. तितं काय बसून खाल? विटाच वाहील ना?"
मला वाटत होतं, पळणं थांबवलं की पोर वाचली.
मंगळवारी ठाण्याला मी नेते, असं कबूल करून उठले. पण रविवार आधी येतो.
व. वाडीबाहेरपर्यंत सोडायला आली.
"ताई, मी जिकते म्हनून का?"
"नाय गो."
"मंग?"
"भीती वाटते."
"मला बी वाटते. पन पळताना नाय वाटत."

३० नोव्हें., रवि. शहापूर, सकाळ
मैदानाच्या कडेला बसून लिहितेय. नंबर लावून झाले. सरांना शेवटचं विचारलं, तिला थांबवताय का? त्यांनी मान फिरवली. आयोजकांच्या टेबलापाशी जाऊन विचारलं, डॉक्टर कुठंयत? "येतायत." रुग्णवाहिका? "तीपण येतेय." व.चं नाव काढा म्हटलं तर तिथला माणूस माझ्या छातीवरच्या नंबराकडे बघून हसला. "मॅडम, तुम्हीपण पळताय ना?"
शर्यतीच्या वाटेत मागच्या बाजूला टेकडीचा चढ आहे, झाडीतून. तिथं माणसं नसतात. आज तिला नजरेआड होऊ द्यायचं नाय.
तिला म्हटलं, "आज माझ्यासंगती राहा."
चपला माझ्या पिशवीत कोंबत म्हणाली, "तूच ये ना माझ्यासंगती."
रेषेवर बोलावतायत. ती उभीपण राहिली. रुग्णवाहिका अजून