सुकाणूची जागा

मी, त्रिंबक बन्सी कोळपे, वय ७१, निवृत्त हवालदार, राहणार गारखेडा, छत्रपती संभाजीनगर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवतो. माझ्या शुद्धीबद्दल शंका आल्यास मुलगा गोकुळ याला विचारू नये. त्याला स्वतःच्याच शुद्धीचा पत्ता नसतो. माझ्या पोटात गाठ आहे. डॉक्टर दिवाळीची खात्री देत नाहीत. हे अजून कोणालाही ठाऊक नाही.

कलम १. गारखेड्याचे राहते घर, स्वकष्टार्जित, गोकुळला. मी पोरींना बोट वल्हवायला शिकवतो म्हणून तो हसून म्हणाला होता, "आबा, आज्यानं मेंढरं हाकली, तुम्ही पोरी हाकता. फरक काय?" फरक असा की मेंढरं ऐकतात. घर घे आणि गप बस.

कलम २. कायगावच्या बॅकवॉटरला ठेवलेली चार वल्ह्यांची बोट माझ्या मालकीची आहे, बोट क्लबची नाही. क्लबचे अध्यक्ष इंद्रजीतराव यांनी मला न विचारता तिच्यात लग्नाआधीच्या फोटोंसाठी नवरानवरी बसवली. दोघांनी वल्ही उलटी धरली होती, आणि अध्यक्ष टाळ्या वाजवत होते. त्यांना माझे जुने लाइफ जॅकेट द्यावे. ते तरंगत नाही.

कलम ३. बोट श्रेया, सायली, संस्कृती व सुलेखा या माझ्याकडं वल्हवायला शिकणाऱ्या चौघींना समाईक. श्रेया वल्हं मारते का वरण घोटते, कळत नाही. सायलीला दम नाय, संस्कृतीला ऐकू येत नाय, सुलेखाला दोन्ही नाय. तरी बोट त्यांचीच, कारण बाकीचे यांच्याहून गयेगुजरे आहेत.

कलम ४. आता सुकाणूच्या जागेविषयी. वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते. पुढचं त्याला दिसत नाही. दिसतं फक्त सुकाणू धरून समोर बसलेल्या कॉक्सचं तोंड. फौजेत पलटणीच्या बोटीवर माझी उंची सगळ्यांत कमी, म्हणून साहेबांनी मला तिथं बसवलं. आपण पुढं आहोत हे तोंडावर दिसलं की पोरं ढिली पडतात, मागं आहोत हे दिसलं की मोडतात. म्हणून मी जन्मभर एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसलो. लोकांना तो माझा स्वभाव वाटला. स्वभाव बी तसाच हाय, ते असो.

माझ्यानंतर त्या जागेवर उस्मानपुऱ्याची योगिनी शिंगाडे बसावी असा विचार आहे. वजनानं हलकी, पाण्याची जाण चांगली. पण तोंड म्हणजे उघडी खिडकी! गेल्या स्पर्धेत तिला तिथं बसवून पाहिलं, तर शेजारची बोट पुढं सरकली आणि हिनं आ वासला. चौघींनी ते पाहिलं, वल्ही एकमेकींत अडकली, सगळं मातेरं झालं. मी काठावरून ओरडलो, "अगं मिट की तोंड, मढं पाहिलंस का?" तर बया रडायला लागली.

कलम ५. दसऱ्यानंतर राज्य स्पर्धा आहे. त्याआधी मी गेलो तर शर्यत संपेपर्यंत चौघींना कळू देऊ नये. म्हातारा रुसून गावी गेला म्हणावं; लगेच पटेल. मयत गुपचूप उरकावी. गोकुळनं मोबाइलवर स्टेटस ठेवू नये. खरं काय ते योगिनीला ठाऊक राहील, आणि तिनं रोज त्या चौघींसमोर कोरं तोंड ठेवून बसायचं.

कलम ६. ते तिला जमतं का, हे मला मरायच्या आधी बघायचं आहे. म्हणून हे मृत्युपत्र सही करण्यापूर्वी तिनंच मला मोठ्यानं वाचून दाखवावं. तिला आधी काही सांगितलेलं नाही. तोंडावर काही आलं, तर स्पर्धेतून आमच्या बोटीचं नाव काढावं आणि कलम ३ रद्द समजून बोट विकावी. पोरींना बुडवायला माझी बोट कशाला पाहिजे?

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर. दिनांक: ३ सप्टेंबर २०२५.

सही: त्रिंबक बन्सी कोळपे

साक्षीदार:
१. बद्रीनाथ गाडेकर, वकील
२. योगिनी शिंगाडे

शेरा, माझ्या हातानं: योगिनीनं सगळं वाचलं. गाठीचं वाक्य आलं तेव्हा बद्रीनाथ वकिलानं चष्मा काढून डोळे पुसले, एवढा शिकलेला माणूस! हिनं पान उलटलं. माझ्या मयतीचं कलम वाचताना एकदा माझ्याकडं पाहिलं. मी पन्नास वर्षं माणसांची तोंडं वाचतोय, पण हिच्या मनात काय चाललंय ते मला कळलं नाय. सही करून उठली आणि म्हणाली, "आबा, सकाळी सरावाला येताय का? नाय तर आम्ही निघतो."

कार्टी लई निबर निघाली. जागा तिची.